‘लोक तुम्हालाच वाचणार आहेत’: हे वाक्य आता पुरे

अबोली
काल इथे एक पोस्ट आली. ‘कित्येक लोक पवित्र शास्त्र कधीच उघडणार नाहीत, ते तुम्हालाच वाचणार आहेत. म्हणून एकही पान डागाळू देऊ नका.’ खाली आमेनची रांग. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

मी चर्चच्या पाळकाची मुलगी. हे वाक्य चालायला लागल्यापासून ऐकलंय. धाकटा भाऊ दारूच्या नादी लागला तेव्हा त्याला उपचाराला कुठे न्यायचं, हे घरात कुणी विचारलंच नाही. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कळलं तर आपल्या साक्षीचं, आपल्या वागण्यातून लोकांना दिसणाऱ्या विश्वासाचं, काय होईल, हीच काळजी. चार वर्षं आम्ही त्याला ‘बरं नाही’ म्हणून मागच्या खोलीत ठेवलं. रविवारी पहिल्या बाकावर आई, मी, इस्त्रीचे कपडे, हसरे चेहरे. डाग कुठेच नाही. आज तो दारू पीत नाही, पण उपासनेलाही येत नाही. आणि ‘चल’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डोंगरावरचं नगर लपत नाही, मत्तय ५, मान्य. पण त्याच प्रवचनात पुढच्याच अध्यायात येशू सांगतो की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, दार लावून प्रार्थना करा. हे वचन भिंतीवर का लावत नाही कुणी?

तिसरा_बाक
ताई, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या घरी झालं ते ढोंग. त्यावरून उदाहरण घालून देण्यालाच मोडीत काढू नका.

मी विश्वासात आलो तो ऑफिसातल्या एका हिशेबनिसामुळे. साहेब सगळ्यांसमोर मला झापत होते. चूक माझी नव्हती, पण कुणाची हे मलाही ठाऊक नव्हतं. हा उठला आणि म्हणाला, ‘आकडा मी चुकवलाय.’ त्या वर्षीची त्याची बढती गेली. सहा महिन्यांनी मी विचारलं, का बोललास? तेव्हा तो पहिल्यांदा येशूबद्दल बोलला. आधी बोलला असता तर मी ऐकलं नसतं. असिसीचे संत फ्रान्सिस म्हणालेत ना, ‘सतत सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा.’

सरळरेघ
फ्रान्सिस असं म्हणालेले नाहीत. त्यांच्या लिखाणात हे वाक्य नाही, जुन्या चरित्रांतही नाही. ते १२२६ मध्ये वारले, हे वाक्य फार अलीकडचं. आणि माणूस गावोगाव प्रवचन करत फिरणारा! १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तच्या सुलतानाच्या, अल-कामिलच्या, छावणीत गेले, ते काय गप्प बसायला? तोंड उघडायची लाज वाटते त्यांनी हे वाक्य ढालीसारखं धरलंय. ऐकवणारा नसेल तर लोक ऐकतील कसे, असं पौल बायबलातल्या रोमकरांच्या पत्रात विचारतो. त्याचं उत्तर द्या.

तिसरा_बाक
वाक्य त्यांचं नसेल तर मागे घेतो, अर्थ मागे घेत नाही. त्यांच्या संघाच्या १२२१ च्या नियमावलीत सगळ्या बंधूंनी, म्हणजे संघातल्या संन्याशांनी, कृतीने प्रवचन करावं असं आहे की नाही? मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना दोन मार्ग सांगितलेत. पहिला, वादविवाद न करता सगळ्यांच्या अधीन राहणं. वचन सांगणं दुसरं, तेही देवाची इच्छा दिसेल तेव्हा.

सरळरेघ
पहिला मार्ग अर्धाच का सांगता? ‘आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावं’ हेही त्यातच आहे. कबूल करायला तोंड लागतं.

तिसरा_बाक
तुम्हाला कुणी ओळखत नसेल तर कबूल करून काय उपयोग? आधी वागणं दिसू द्या.

सरळरेघ
माझं वागणं तुम्ही पाहिलंय का? वैयक्तिक होऊ नका.

वाटसरू
माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मंडळीतले सहा जण भेटायला आले. प्रार्थना केली, मग खाटेभोवती उभं राहून फोटो काढला. तिच्या नाकात नळी होती. संध्याकाळी फोटो ग्रुपवर, ‘प्रभूने आज आम्हाला वापरलं.’ तिला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. तिचा शेवटचा फोटो तोच आहे.

सरळरेघ
हे चूकच झालं. पण मुद्दा वेगळा आहे, फ्रान्सिस...

वाटसरू
राहू द्या हो तुमचे फ्रान्सिस! एक बाई भावाबद्दल लिहिते आणि तुम्ही दोघं आठशे वर्षांपूर्वीच्या नियमावलीवरून भांडताय.

पायवाट
एक गोष्ट मराठीमुळे निसटते. ‘तुम्ही जगाचा प्रकाश’ मधलं ‘तुम्ही’ आपण आदरार्थी ऐकतो, जणू एकेका माणसाला सांगितलंय. मूळ ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये म्हणताना मात्र तिथे ‘तू’ आहे. उजेड सगळ्या मंडळीने मिळून द्यायचा, दान एकेकाने गुपचूप करायचं. दारू सुटत नसलेला मुलगा ज्या मंडळीत उघडपणे बाकावर बसू शकतो, तिचा उजेड पडतो.

फादर डेमियन हे धर्मगुरू १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर महारोग्यांमध्ये राहायला गेले, त्याच रोगाने १८८९ मध्ये वारले. त्यानंतर एका पाळकाने त्यांना ओबडधोबड, घाणेरडा, हट्टी म्हटलं. डागच बघायचे ठरवले तर तिथेही सापडतात.

अबोली
@तिसरा_बाक, तुमचा हिशेबनीस मला पटला, इच्छा नसताना पटला. पण त्याने केलं काय ते बघा. आपला डाग सगळ्यांसमोर दाखवला. कालच्या पोस्टचं ऐकलं असतं तर तो गप्प बसला असता आणि तुम्ही बोलणी खात राहिला असता.

तिसरा_बाक
हो. हे मला असं कधी दिसलं नव्हतं. तरी मी त्याच्याकडे बघत होतो हे खरंच आहे ना? लोक बघतात, ताई. ते आपल्या हातात नाही.

अबोली
बघू देत. लिहिण्याआधी मी भावाला विचारलं होतं. ‘नाव सोडून सगळं लिही,’ म्हणाला. ‘मागची खोलीपण लिही.’