मामांची जुनी मार्टिन गिटार: बेळगावहून गाठता येईल असा भरवशाचा कारागीर हवा आहे

बोटीवर नोकरीला असलेल्या आमच्या थोरल्या मामांनी परदेशातून आणलेली मार्टिन या अमेरिकन कंपनीची ०-१८ ही गिटार त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली असून, ती पुन्हा वाजती करण्यासाठी विश्वासू कारागीर मी शोधत आहे. आतल्या ठोकळ्यावरील क्रमांकावरून ती १९६०च्या दशकाच्या मध्यातील ठरते. वरची फळी स्प्रूसची, तर पाठ आणि बाजू महोगनीच्या आहेत.

शहापुरातल्या जुन्या घरात ती तारा ताणलेल्या अवस्थेतच कपाटावर पडून होती. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो आणि त्यात आपल्याकडचा पावसाळा, त्यामुळे व्हायचे ते झाले. बाराव्या फ्रेटवर (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड तारेखालचे अंतर साडेचार मिलिमीटर भरते. ते अडीचच्या जवळपास असावे. फ्रेटवर सरळ पट्टी ठेवून पुढे सरकवली असता तिचे टोक ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) माथ्यावर यायला हवे, ते खाली ब्रिजच्या कडेला अडते, म्हणजे मानेचा कोन बिघडला आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सहज सरकतो. पिकगार्डलगत (वरच्या फळीवर ओरखडे टाळण्यासाठी लावलेल्या पातळ पत्र्यालगत) एक बारीक चीरही आहे. मात्र त्या काळी पिकगार्ड थेट उघड्या लाकडावर चिकटवत आणि सेल्युलॉइड आकसले की लाकूड तडकत असे, त्यामुळे तिचे नवल वाटत नाही.

शहरातील एका दुकानात ‘ट्रस रॉड (मानेतली आवळता येणारी कांब) आवळला की तारा खाली येतील’ असे सांगण्यात आले. या गिटारीच्या मानेत पोलादी पट्टी कायमची बसवलेली आहे आणि आवळता येणारा रॉड मार्टिनने १९८५ मध्ये आणला, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या हाती ती सोपवण्याचा मला धीर होईना. दुसऱ्या एका गृहस्थांनी ब्रिज तासून वर नवे पॉलिश चढवण्याचा सल्ला दिला. मूळचा नायट्रोसेल्युलोज लॅकर घासून काढला तर जुन्या गिटारीची किंमतही जाते आणि आमच्या मामांच्या हाताच्या खुणाही, म्हणून तो मार्ग मला नको आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे खरे काम मानेचे आहे: पंधरावा फ्रेट काढून त्याखालच्या छिद्रातून वाफ सोडायची, डोव्हटेल सांधा (मान धडाच्या खाचेत अडकवणारा सांधा) सैल करून मान उतरवायची आणि टाचेचे (मानेच्या बुंध्याचे) लाकूड थोडे तासून ती योग्य कोनात पुन्हा बसवायची. मिरज जवळ आहे आणि तेथील सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांचा सरसावरचा हात मी वेगळा सांगायला नको. पण स्टीलच्या तारांच्या गिटारीची मान उतरवण्याचे काम तेथे कोणी स्वतः केले आहे का? नसल्यास गोवा, पुणे किंवा बंगळूर येथील कोणाकडे आपण स्वतःचे वाद्य दिले होते, काम होऊन वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर सांधा कसा टिकला, आणि कामाआधी खर्चाचा लेखी अंदाज मिळाला होता का, हे जाणकारांनी कृपया लिहावे. ऐकीव नावापेक्षा स्वतःचा अनुभव मला अधिक उपयोगी पडेल.

कुरिअरवर माझा विश्वास नाही. मी गिटार स्वतः घेऊन जाईन. तूर्त तारा सैल केल्या आहेत. ब्रिज सुटू लागलेला असताना त्या पूर्ण उतरवून ठेवणे अधिक बरे का, हेही कळवावे.