उजव्या पायाचा डावा बॅक

इटलीचा फुटबॉल बचावपटू पाओलो मालदिनी एवढी वर्षं टिकला तो निव्वळ देवाने दिलेल्या शरीरामुळे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. जानेवारी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी इटलीतल्या एसी मिलान क्लबकडून पहिला सामना, २००९ मध्ये शेवटचा. ९०२ सामने, पाच युरोपियन कप (म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग). आणि मुळात गडी उजव्या पायाचा! उजव्या बॅकची, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूची जागा संघातल्याच तासोत्तीने अडवलेली, म्हणून हा डावीकडे गेला आणि डावा पाय अक्षरशः घडवला.

हे किती कठीण आहे ते मी मालवणच्या किनाऱ्यावर अनुभवलंय. ओहोटी लागली की चपलांचे गोल मांडून खेळायचो. मोठ्या पोरांनी मला डावीकडे, पाण्याच्या बाजूला उभं केलं. ओल्या रेतीत डाव्या पायाने मारलेला चेंडू थेट लाटेत जायचा. सरळ जायला दोन वर्षं लागली. चेंडू काढून घ्यायला घसरून टॅकल केलं की शिंपल्यांनी गुडघा सोलून निघायचा, त्यामुळे उभ्याउभ्याच समोरच्याची वाट ओळखून अडवायची सवय लागली. मालदिनीचा खेळ पुन्हा बघा, तो जमिनीवर क्वचितच पडलेला दिसतो. चेंडू यायच्या आधीच हा तिथे पोचलेला असतो.