साताऱ्यात फ्री डिश: छत्री नेमकी कुठं बसवू?

प्रश्न: आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, किल्ला दक्षिणेला. आईला सह्याद्री वाहिनी लागतेच. कौलावरची जुनी काड्यांची अँटेना आता काही पकडत नाही. फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह टीव्ही सेवेची, ६० सेंमीची छत्री आणलीय, पण डोंगर आडवा येईल का?

उत्तर: नाही येत, ताई. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. साताऱ्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ६० अंश वर. एवढ्या वर किल्ला कुठला पोचतोय! झाडं बघा. शेजारच्या नारळाची एक झावळी वाऱ्यानं हलली की माझ्याकडं चित्राचे चौकोन व्हायचे. छत्री चार हात सरकवली, थांबलं. आणि ती बरीच उभी दिसेल, घाबरू नका, ऑफसेट छत्री, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली, तशीच असते.

उत्तर: बोल्ट स्लॅबमध्येच मारा, पत्र्यावर नको, वाऱ्यानं हलते. एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डब्याच्या) जोडात पाणी शिरून माझी तांब्याची तार हिरवी पडली होती. केबलला खाली वळसा द्या, जोडावर रबरी टोपी घाला. मुसळधार पावसात मात्र थोडा वेळ चित्र जाणारच.

प्रश्न विचारणारी: दादा, आग्नेयेला आमचा आंबाच आहे! मग मागच्या स्लॅबवर, टाकीशेजारी बसवते.