तुरुंगातल्या बायकांना फक्त सही शिकवून थांबू नका

शेळगीची शिक्षिका (धागा सुरू केला)

महिला दिन जवळ आला की कारागृहांच्या महिला विभागांत साक्षरतेचे कार्यक्रम होतात. पाट्या-पेन्सिली वाटल्या जातात आणि 'इतक्या बंदी भगिनी सही करू लागल्या' अशी बातमी येते. माझं स्पष्ट मत आहे की सहीपाशी थांबणारा वर्ग नसलेला बरा.

अंगठा लावणाऱ्या बाईच्या कागदावर बहुतेक वेळा 'मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला' असा शेरा असतो आणि वाचून दाखवणाराही कुणीतरी असतो. सही केली की मात्र तिनं सगळं वाचलंय असंच धरलं जातं. सही येते पण वाचता येत नाही, ही सगळ्यात धोक्याची अवस्था. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात बचत गटाच्या आणि फायनान्सच्या कर्जांवर अशा किती सह्या झाल्यात ते वस्तीत फिरणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून वर्ग 'कमळ'-'घर'पासून सुरू करू नका. तिच्या केसच्या कागदावर जे असतं तेच शिकवा: गुन्हा नंबर, कलम, अटकेची तारीख, पुढची तारीख, वकिलाचं नाव. हे शब्द तिला ऐकून पाठ आहेत, फक्त डोळ्यांची ओळख नाही.

आकड्यांचं तर आणखी सोपं आहे. विडी वळलेल्या बाईला मोजता येत नाही असं म्हणणाऱ्याला विडीचं काम माहीत नाही. २५ विड्यांची जुडी, ४० जुड्यांचा हजार, त्यातून छाट (नापास विड्या) वजा, हे ती बोलता बोलता करते. अडतं ते लिहिलेल्या आकड्यापाशी. हातानं लिहिलेल्या कागदावर मराठी आकडे आणि संगणकाच्या प्रिंटवर इंग्रजी. मराठी एक आणि इंग्रजी नऊ सारखेच दिसतात. तारीख चुकीची वाचली की घरचे चुकीच्या दिवशी कोर्टात जाऊन बसतात.

आणि आतल्या बाईला दिवस मोजता येणं किती गरजेचं आहे बघा. पोलिसांनी ६० दिवसांत, आणि जिथे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त, जन्मठेप वा फाशीची शिक्षा होऊ शकते तिथे ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. आधी दोषारोपपत्र आलं तर हक्क गेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं (ज्याच्या केसचा निकाल लागलेला नाही त्यानं) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावं. कमाल शिक्षा तीन वर्षांची असेल तर एक वर्ष. हे गणित तिला स्वतः मांडता आलं पाहिजे.

मागणी एकच: रोजचा वर्ग, पगारी शिक्षिका. हौशी स्वयंसेवकांवर सोडू नका. मी स्वतः स्वयंसेवक म्हणून शिकवलंय, म्हणून हे ठामपणे सांगते.

बाळीवेस

ताई, तळमळ पोहोचली, पण मला पटत नाही. माझ्या आत्याची आयुष्यभराची पुंजी एका भिशीवालीनं बुडवली. त्या बाईला वाचता येत होतं, हिशोब तर आपल्यापेक्षा पक्का होता. बाहेर नगरपालिकांच्या शाळांना शिक्षक मिळत नाहीत आणि आत पगारी शिक्षिका? ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी कोण वर्ग काढतं?

शेळगीची शिक्षिका

दादा, आत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण आत असलेले सगळे गुन्हेगार ठरलेले नसतात. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा निकालच लागलेला नाही. शिवाय सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर आत राहू शकतं. त्या मुलासमोर आई वाचताना दिसणं हे मला नगरपालिकेच्या शाळेइतकंच महत्त्वाचं वाटतं. आत्यांसाठी वर्ग हवा हे शंभर टक्के खरं. तो मागा, मी येते शिकवायला.

बाळीवेस

निकाल लागलेला नाही म्हणजे निर्दोष असंही नाही. पैसा मर्यादित असेल तर आधी बाहेरचे, मग आतले. मी यावर ठाम आहे.

फौजदारी वकील, सोलापूर

बाई, कायदा तुम्ही बरोबर मांडलात, पण अर्धा. कलम ४७९ फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणाऱ्या गुन्ह्यांना लागू नाही. खुनात किंवा हुंडाबळीत अडकलेल्या सासू-नणंदांना त्याचा उपयोग नाही. एकापेक्षा जास्त केसेस असल्या तरी अडचण येते. बायकांच्या मनात एक तृतीयांश भरवून द्याल आणि त्या दिवस मोजत बसतील.

दुसरं, जामीन वाचता न आल्यामुळे अडत नाही, हमीदार न मिळाल्यामुळे अडतो. आदेश होऊनही पंधरा-वीस हजारांच्या जामिनासाठी माणूस उभा राहत नाही म्हणून बायका आत राहतात. सासरचे येत नाहीत, माहेरचे तोंड फिरवतात. तिथे बाराखडी काय करणार?

आणि सगळ्यात गंभीर मुद्दा: वर्गात स्वतःचे कागद उघडायचे नाहीत. माझी तर पक्षकाराला पहिली ताकीद असते की बराकीत केसबद्दल बोलू नकोस. शेजारची उद्या साक्षीदार होऊ शकते. चार अक्षरं जास्त शिकलेली बंदीच शिकवायला बसली तर सगळ्यांची कलमं तिच्या तोंडी होतील.

शेळगीची शिक्षिका

कागद उघडण्याच्या मुद्द्यावर वर्गाची आखणीच ठरते, म्हणून नीट सांगते. वर्गात नमुन्याचा कागद असावा: काल्पनिक नाव, काल्पनिक नंबर, मांडणी मात्र खऱ्यासारखी. तो वाचता आला की स्वतःचा कागद ती एकटी वाचेल. गुपित राखायचं तर स्वतः वाचता येण्याइतकी दुसरी सोय नाही. आज तिला तो कुणाकडून तरी वाचूनच घ्यावा लागतो ना?

कुठलं कलम कुणाला लागू नाही हे शिकवणंही त्याच वर्गाचं काम आहे. खोटी आशा अर्धवट ऐकण्यातून जास्त येते. हमीदाराचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे, त्यावर माझा वर्ग उत्तर नाही. पण म्हणून वर्ग नको हे कसं?

विडी घरकुल

आमच्या घरी तेलुगू. शेजारी कानडी, पलीकडे दखनी उर्दू. मराठी बोलायला येते सगळ्यांना, पण शाळेत न गेलेल्या बाईला कोर्टातली मराठी वेगळीच भाषा वाटते. 'न्यायालयीन कोठडी' म्हणजे काय हे माझ्या चुलतीला तेलुगूत सांगितल्यावर कळलं, तोवर ती रोज रडत होती की शिक्षा लागली म्हणून. कागद मराठीत आहे तर वाचायला मराठी शिकवा, पण समजावताना तिची भाषा येणारी बाई पाहिजे की हो.

सेटलमेंटचा पोर

मी वेगळ्या कारणानं विरोधात आहे.

सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माझ्या आजोबांची पिढी तारेच्या कुंपणात वाढली. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्याच्या नावाखाली कैकाडी, टकारी, पारधी अशा जातींच्या जातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून कोंडलं. तिथेही शाळा होती, काम होतं, आणि सगळ्याला 'सुधारणा' म्हणायचे. हजेरी चुकली की शिक्षा. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही विमुक्त झालो, पण चोरी झाली की पहिली धाड अजून कुठल्या वस्तीवर पडते ते सोलापूरकरांना सांगायला नको.

म्हणून बंद दाराआडच्या शाळेची मला भीती वाटते. आज ऐच्छिक म्हणाल, उद्या हजेरीपट लागेल. परवा 'वर्गास उपस्थित राहत नाही' हा शेरा वर्तणुकीच्या अहवालात जाईल. दिवसभर मुलांच्या काळजीनं डोकं फुटलेली पारधी बाई वर्गात बसली नाही तर ती सुधारायला तयार नाही असं ठरणार.

शेळगीची शिक्षिका

भाऊ, हा इतिहास इथे लिहिलात ते बरं केलंत. 'सुधारणा' हा शब्द मी वापरला नाही आणि वापरणार नाही. वाचणं हा तिचा हक्क आहे, चांगल्या वागणुकीचा पुरावा नाही. पण हजेरीपट नसेल तर शिक्षिकेचा पगार निघणार नाही. कागदावर विद्यार्थी दिसले नाहीत की पद बंद होतं, हा बाहेरच्या शाळांचाही अनुभव आहे.

सेटलमेंटचा पोर

मग शिक्षिकेची हजेरी ठेवा, बायकांची ठेवू नका. वर्ग रोज झाला एवढीच नोंद. कोण आलं, कोण नाही, हे तुरुंगाच्या दप्तरात जाता कामा नये. हे लेखी मिळत असेल तर माझा विरोध संपला. नाहीतर नाही.

फौजदारी वकील, सोलापूर

हे जमू शकतं. वर्ग कारागृह प्रशासनाकडे न ठेवता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मदत केंद्राला जोडा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना आणि कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतोच, त्यामुळे प्राधिकरणाचे लोक आत जातातच. नोंदी त्यांच्याकडे राहतील. हमीदाराबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे. नमुन्याचे कागद मी तयार करून देतो: रिमांडचा, जामीन आदेशाचा आणि जातमुचलक्याचा (स्वतःच्या हमीवर सुटण्याच्या बंधपत्राचा).

शेळगीची शिक्षिका

द्या सर. अक्षर मोठं ठेवा आणि तारखा मराठी, इंग्रजी दोन्ही आकड्यांत लिहा. विडी घरकुलवाल्या ताई, तेलुगूतून समजावायला तुम्ही याल का? कानडी आणि दखनीसाठीही कुणी असेल तर इथेच कळवा.