उद्यानांचे सरकारी अनुदान बांधकामापुरतेच असावे का?

धागाकर्ता:
सार्वजनिक उद्याने आणि मैदाने यांसाठीची सरकारी अनुदाने बहुतेक वेळा भांडवली कामांपुरती असतात. जागा घ्यावी, पायवाटा घालाव्यात, खेळणी बसवावीत, काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडावा, की अनुदानाचा विषय संपतो. झोपाळ्याची साखळी झिजते ती वरच्या आकड्यापाशी, जिथे लोखंडावर लोखंड घासते. खालून पाहणाऱ्याला ती धडधाकटच दिसते. ती तपासायला शिडी लावून वर चढणारा माणूस लागतो आणि त्याचा पगार अशा अनुदानात बसत नाही. म्हणून अनुदानाचा निदान पाचवा हिस्सा पुढील दहा वर्षांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. अमेरिकेतील भूमी व जल संधारण निधीचे उदाहरण घ्या. १९६४ च्या कायद्याने उभा राहिलेला हा निधी राज्यांना आणि त्यांच्यामार्फत स्थानिक संस्थांना जमीन खरेदी व विकासाच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देतो, दैनंदिन देखभालीसाठी मात्र काहीही देत नाही. त्या बदल्यात ती जागा कायम सार्वजनिक विरंगुळ्यासाठीच ठेवावी लागते. ती दुसऱ्या कामासाठी वापरायची असेल, तर तिथल्या केंद्रीय ‘इंटिरियर’ खात्याची (सरकारी जमिनी व राष्ट्रीय उद्याने सांभाळणारे खाते) संमती घेऊन किमान तेवढ्याच बाजारभावाची आणि तितकीच उपयोगी पर्यायी जागा द्यावी लागते. या निधीचा पैसा मुख्यतः समुद्रातील तेल व वायूच्या उत्पन्नातून येतो. जमिनीतून एकदाच निघणारी संपत्ती कायम टिकणाऱ्या संपत्तीतच गुंतवावी, हा विचार मला अतिशय रास्त वाटतो. ती मजुरीवर खर्च केली, तर वर्षअखेर हाती काहीच उरणार नाही.

प्रतिसाद २:
उरलेला निम्मा वाटा कोणी भरायचा, हे आपण सांगितले नाही. ज्या वस्तीत मुलांना खेळायला मोकळी जागा नाही, तिथल्या स्थानिक संस्थेची तिजोरीही बहुधा रिकामीच असते. त्यातही रक्कम खर्च झाल्यानंतर परत मिळणार असेल, तर आधी पदरचे पैसे घालण्याची ऐपत असलेलेच अर्ज करतात आणि गरजू मागे राहतात.

प्रतिसाद १:
आपला आक्षेप मान्य आहे, पण तो वाट्याच्या प्रमाणाबद्दल आहे. दान मिळालेल्या जमिनीचे मूल्यही स्थानिक वाट्यात धरता येते. शिवाय सांभाळण्याची जबाबदारी अनुदान घेणाऱ्याचीच असते. तिचाही भार वरच्या सरकारने उचलला, तर स्थानिक अर्थसंकल्पात उद्यानाला कधीच जागा मिळणार नाही.

प्रतिसाद ३:
अनुदानावाचूनही मार्ग आहेत. इंग्लंडमधील बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये खुले झाले, तेव्हा सभोवतालचे भूखंड घरांसाठी विकून खर्च वसूल करण्याची योजना होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची अवस्था सत्तरच्या दशकात फार बिकट होती. १९८० मध्ये स्थापन झालेल्या नागरी संस्थेने देणग्या जमवून ते सावरले.

प्रतिसाद २:
दोन्ही उदाहरणांत उद्यानाला लागून पैसेवाली घरे आहेत किंवा तशी घरे येतील ही खात्री आहे. जिथे शेजारीच हातावर पोट असलेले लोक राहतात, तिथे भूखंड कोण विकत घेणार आणि देणगी कोण देणार? अशा ठिकाणी सरकारशिवाय कोणी वाली नाही.

धागाकर्ता:
जागा कायम राखण्याची अट मौल्यवान आहे, हे मी मनापासून मानतो. पण ती अट उद्यानाला विक्रीपासून वाचवते, आबाळीपासून नाही. कागदावर जबाबदारी सोपवली आणि तिच्यामागे पैसा दिला नाही, तर खेळणे मोडल्यावर दुरुस्तीऐवजी ते उचलून नेणेच सोयीचे ठरते. तिथे चौथऱ्याचे चार बोल्ट तेवढे उरतात आणि पळणारी मुले त्यांना अडखळतात. स्थानिक संस्था परावलंबी होईल ही भीती खरी धरूनही माझी मागणी आता थोडी बदलतो: ज्या संस्थेला निम्मा वाटा भरणे शक्य नाही, तिच्यापुरती देखभालीची रक्कम अनुदानात धरावी, ती दरवर्षी पाहणी झाल्यावरच द्यावी आणि दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावी.

प्रतिसाद १:
टप्प्याटप्प्याने कमी होणार असेल, तर माझा विरोध बराच सौम्य होतो. मात्र पाहणी करणारा अधिकारी त्या संस्थेच्या बाहेरचा असावा आणि त्याने शिडी लावून वर चढून पाहावे.