आयसिंगची शिट्टी नेमकी केव्हा वाजते?

प्रश्न: आइस हॉकीचे सामने मी अलीकडेच पाहू लागलो आहे. बचाव करणारा संघ पक (खेळातली रबरी चकती) लांब भिरकावतो तेव्हा लाइन्समन (रेषांवर लक्ष ठेवणारे पंच) कधी खेळ थांबवतात, तर कधी दोन्ही हात आडवे पसरून तो चालू ठेवतात. हा फरक कशामुळे पडतो?

पहिले उत्तर: मैदानाच्या मधोमध असलेल्या लाल रेषेच्या अलीकडून, म्हणजे आपल्या अर्ध्या भागातून, मारलेला पक कोणाचाही स्पर्श न होता प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडून गेला, तर आयसिंग होते, मात्र तो थेट गोलमध्ये शिरला, तर गोलच धरला जातो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये 2013-14 च्या हंगामापासून दोन्ही संघांचे खेळाडू पकामागे धावत असताना फेसऑफच्या (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करण्याच्या) ठिपक्यांपाशी कोण पुढे आहे, हे पाहून लाइन्समन निर्णय देतो. पाठलाग करणारा, म्हणजे पक मारणाऱ्या संघाचा खेळाडू, पुढे असेल, तर हात पसरले जातात. पूर्वी पकाला हात लागेपर्यंत शर्यत चाले आणि खेळाडू वेगाने मैदानाभोवतीच्या फळीवर आदळत. म्हणून हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

दुसरे उत्तर: पेनल्टीमुळे ज्या संघाचे खेळाडू कमी आहेत, त्याला एनएचएलमध्ये आयसिंग लागू होत नाही. एरवी फेसऑफ चूक करणाऱ्याच्याच गोलजवळ होतो आणि दमलेले खेळाडू बदलताही येत नाहीत. खरी शिक्षा तीच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कालच्या सामन्यात पाठलाग करणारा ठिपक्यापाशी पुढे होता, हे आता लक्षात आले.