कापलेली गाठ तपासायला पाठवावीच

हिरडीवरची लाल, पटकन रक्त येणारी गाठ दातांवरच्या किटणामुळे होते आणि ती कापली की काम संपते, असे सहसा म्हटले जाते. बहुतेक वेळा ते खरे असले, तरी कापलेला तुकडा टाकून देणे मला धोक्याचे वाटते. आपल्या निपाणी-चिकोडी भागात तोंडाचा कर्करोग म्हटले की तंबाखू आणि गालातला चट्टाच आठवतो. पण फुप्फुस, स्तन किंवा मूत्रपिंडातला कर्करोग पसरून हिरडीवर अगदी साध्या गाठीसारखा दिसू शकतो. तोंडातल्या कर्करोगांपैकी असे जेमतेम १ टक्का असतात, आणि म्हणूनच ते हुकतात.

खानापूरच्या माझ्या आत्याची दाढेजवळची बोराएवढी गाठ दोनदा कापली आणि दोन्ही वेळा महिन्याभरात परत आली. खालचा ओठ व हनुवटी बधिर झाल्याचे तिने, दाढ काढल्यामुळे असेल असे समजून, कोणाला सांगितलेच नव्हते. तिसऱ्या वेळी बायोप्सी (कापलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) केली, तेव्हा मूळ रोग मूत्रपिंडात निघाला.

तुकड्यासोबतच्या चिठ्ठीवर जुने आजार, शस्त्रक्रिया आणि असा बधिरपणा अवश्य लिहावा, कारण पेशी मूळच्या कोणत्या अवयवातल्या आहेत हे ओळखण्यासाठी कोणत्या विशेष तपासण्या लावायच्या, हे पॅथॉलॉजिस्ट (तुकडा तपासणारे डॉक्टर) त्यावरूनही ठरवतात.